इन्स्पेक्टर तोल्वेची मुलगी

नंदाखाल,
रविवार, २ नोव्हेंबर २००३

सुझान प्लासिड तुस्कानो,

आज मृतांचा दिवस. चर्चमधील मिस्सेनंतर दफनभूमीत जाऊन आलो. तुझ्या क्रूसाचा रंग पावसात उडाला होता, तो नव्याने लावून घेतला आहे. वाऱ्यामुळे मेणबत्त्या टिकत नव्हत्या. शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या बाईंनी अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा दिला. त्याच्या आडोशाने दोन शेवटपर्यंत जळल्या.

मृत व्यक्तीस पत्र लिहिणे तर्कास धरून नाही, हे मी मान्य करतो. परंतु तीस वर्षे न्यायालयात भाषांतरकार म्हणून काढल्यानंतर, एखादी गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय ती घडली यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून लिहीत आहे.

कॉन्रॅडचा कॅनडाहून दूरध्वनी आला होता. तुझ्या भावाने हे नंदाखालचे घर एक मार्चपासून एका कुटुंबास भाड्याने देण्याचे ठरवले आहे. "किल्ल्या फेब्रुवारीअखेर शेजारच्या अँथनीकडे द्या, प्लासिड. घाई नाही," असे तो म्हणाला. त्याची समजूत अशी की, गेली पाच वर्षे आपण उभयता दर रविवारी विरारहून येऊन त्याच्या खिडक्या उघडत होतो आणि झाडांना पाणी घालत होतो. आपण मुख्यतः त्याच्या व्हिडिओ यंत्रासाठी येत होतो, हे मी त्यास सांगितले नाही.

कॅसेटी सर्व अकरा जागेवर आहेत. तुझी चुलतबहीण सिस्टर फ्लॉसी हिने इटलीतील तिच्या वृद्धाश्रमातल्या दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेल्या, साबणाच्या आणि शेवयांच्या जाहिरातींसकट. लग्नाआधीची सहा वर्षे तू त्याच आश्रमात काम करताना इटालियन शिकलीस; मला ती भाषा मुळीच येत नाही. तरीही इन्स्पेक्टर तोल्वेइतका आनंद मला कोणत्याही मराठी किंवा इंग्रजी मालिकेने दिलेला नाही. तो कोणावर ओरडत नाही, पिस्तूल काढत नाही. संशयितासमोर बसून संत्रे सोलतो, आणि साल एकसंध निघेपर्यंत एकही प्रश्न विचारत नाही.

आज सातवी कॅसेट लावली. पडद्यावर माणसे बोलत होती आणि खोलीत कोणी अर्थ सांगत नव्हते. शवचिकित्सा करणारा डॉक्टर तुझ्या तोंडून या गावची बोली बोलत असे. "अरे बाबा, कालपासून पडलाय तो. आता तुमी आले तपास करायला? पानी तरी द्या कोनी मला!" मी "पाणी" आणि "कोणी" असे दुरुस्त करीत असे, आणि तू म्हणायचीस, "डॉक्टर शिकलेला नाय जास्त." आज तोच डॉक्टर तोच हात झटकून काहीतरी म्हणाला, आणि मी ध्वनी बंद केला.

प्रत्येक भागाच्या शेवटी कचेरीतला भिंतीवरचा दूरध्वनी वाजतो. तोल्वे चष्मा काढतो, ऐकतो, दोन शब्द बोलतो आणि हसतो. तू सांगायचीस: मुलीचा फोन आहे. रागावून दूर राहायला गेलेल्या त्याच्या मुलीचा. मग तो तिला जे म्हणे ते तू अगदी हळू आवाजात सांगायचीस. तपासापेक्षा मला तेच अधिक आवडत असे. सातव्या भागात तो तिला काय म्हणाला, ते आज मला आठवले नाही.

ती वाक्ये मला शब्दशः हवी आहेत. दुसरे काही तुझे माझ्यापाशी शब्दशः उरलेले नाही. ज्या कादंबऱ्यांवरून ही मालिका केली, त्यांची इंग्रजी भाषांतरे मिळतात असे ऐकून आहे. हे घर हातचे जाण्यापूर्वी ती मिळवून एकेका कॅसेटीशी ताडून पाहण्याचा मी निश्चय केला आहे.

व्हिव्हियनविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. आपली मुलगी तुझ्या अंत्यविधीस आली होती. मी तिचे आभार मानले.

प्लासिड


फुलपाडा, विरार पूर्व,
रविवार, २३ नोव्हेंबर २००३

सुझान,

फोर्टमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीन कादंबऱ्या मिळाल्या. आठ दिवसांत तिन्ही वाचल्या. स्वयंपाकघरातला दिवा सोडून घरात दुसरा दिवा लावण्याचे कारण सध्या पडत नाही, म्हणून तेथेच बसून वाचल्या.

तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, की कादंबऱ्या मालिकेपेक्षा वेगळ्याच रीतीने चांगल्या आहेत. पडद्यावर आपल्याला बंदर दिसते, दुपारचे बंद दरवाजे दिसतात, मासे विकणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो. नटाने नुसते पाहिले तरी काम भागते. पुस्तकात लेखकाला त्या पाहण्याच्या आत शिरावे लागते. चौथ्या कॅसेटीतील औषधविक्रेत्याचा खून आठवतो? पडद्यावर खुनी शेवटच्या दहा मिनिटांत उघड होतो. पुस्तकात तोल्वेला तो शंभराव्या पानावरच कळलेला असतो. पुढची ऐंशी पाने तो स्वतःशी ते मान्य करीत नाही, कारण खुनी त्याचा जुना मित्र आहे. त्या ऐंशी पानांत तो फक्त बाजारात हिंडतो, पोट बिघडल्याची तक्रार करतो आणि भलत्याच माणसांना प्रश्न विचारतो. मी रात्रीचे जेवण विसरलो. शेजारच्या सुमेधाताई भाजी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुस्कानो काका, चेहरा बघा तुमचा, कोण मेलं?" आणि मग स्वतःच ओशाळून वाटी ठेवून गेल्या. औषधविक्रेता, असे मी त्यांना सांगायला हवे होते. सुचले नाही.

परंतु एक गंभीर उणीव आढळली. तिन्ही पुस्तकांत तोल्वेला मुलगी नाही. शेवटी दूरध्वनी वाजतो, तो बोलतो, पण पलीकडे एक म्हातारा घड्याळजी असतो आणि ते दोघे दूरध्वनीवरून बुद्धिबळ खेळतात. एका पात्राचा एवढा भाग गाळून त्या जागी खेळ घालणे हा भाषांतरकाराचा अक्षम्य स्वैरपणा आहे. कोर्टात असे केले असते तर माझी नोकरी गेली असती.

मी लंडनच्या प्रकाशकांस सविस्तर पत्र पाठवले आहे. कोणत्या भागात कन्येचा उल्लेख येतो, याची भागवार यादी सोबत जोडली आणि गाळलेला मजकूर पुरवण्याची विनंती केली. माझ्या माहितीचा आधार म्हणून तुझे नाव दिले: श्रीमती सुझान तुस्कानो, इटालियन भाषेच्या जाणकार.

प्लासिड


नंदाखाल,
रविवार, १४ डिसेंबर २००३

सुझान,

प्रकाशकांचे उत्तर नाही.

आज अँथनी कुंपणावरून म्हणाला, "काय जावई, टीव्हीशी बोलता की टीव्ही बोलतो तुमच्याशी?" लग्नाला बत्तीस वर्षे झाली तरी या गावात मी जावईच आहे. मी त्यास सांगितले की मी संवादांची पडताळणी करीत आहे.

"म्हंजे कॉपी तपासता?"

"तसे म्हणता येईल."

"पास झाला का कोन?"

मी हसलो नाही. मग तो वाफ्यातले तण उपटत म्हणाला, "नाताळाला आमच्याकडं जेवा. फ्लॅटात एकटं बसून काय करनार? पोरगी येते का नाय?"

तिच्या महाविद्यालयात त्या सुमारास परीक्षा असतात, असे मी उत्तर दिले. नाताळात कोठेही परीक्षा नसतात, हे अँथनीसही ठाऊक असावे. त्याने दोन केळफुले दिली आणि विषय वाढवला नाही.

केळफूल कसे सोलायचे ते मला माहीत नाही. दोन्ही ओट्यावर आहेत.

व्हिव्हियन आणि माझ्यात जे झाले, त्यास चार वर्षे उलटली. तिने पत्र लिहिले होते, मी उत्तर दिले होते. त्यानंतर तिने लिहिले नाही. वस्तुस्थिती एवढीच आहे.

आठव्या कॅसेटीतील एक वाक्य आठवले, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. तोल्वे म्हणाला होता: "तू बोलू नको पायजे तर. फक्त फोन ठेवू नको." मूळ इटालियन मी आज पुन्हा ऐकले. ते चार-पाच शब्दांत संपते. त्या वेळी मी तुला विचारले होते, की एवढे मोठे वाक्य एवढ्याशा जागेत कसे मावले. तू म्हणालीस, "त्यांच्या भाषेत मावतं."

प्लासिड


फुलपाडा,
रविवार, १८ जानेवारी २००४

सुझान,

प्रकाशकांचे उत्तर आले. पत्र सभ्य आहे. इन्स्पेक्टर तोल्वे अविवाहित असून त्यांस अपत्य नाही. लेखकाने कोणत्याही कादंबरीत अशी कन्या निर्माण केलेली नाही. मालिकेतही शेवटचा दूरध्वनी घड्याळजीचाच असतो, असे त्यांनी चौकशीअंती कळवले आहे. श्रीमती तुस्कानो यांचा दुसऱ्या एखाद्या मालिकेशी घोटाळा झाला असावा, असे त्यांनी नम्रपणे सुचवले आहे.

मी दोन दिवस ते पत्र उघडून बसलो होतो. प्रथम तुझ्या बाजूने त्यांस कडक उत्तर लिहावयास घेतले. मग पुरावा जोडावा म्हणून माझी वही काढली. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची चार ओळींत नोंद करण्याची माझी सवय तुला हास्यास्पद वाटत असे.

पहिली कॅसेट, मार्च १९९८. माझ्या अक्षरात: "शेवटी इन्स्पेक्टर मित्राशी दूरध्वनीवरून बुद्धिबळ खेळतो. प्रसंग सुरेख." दुसरी कॅसेट: "पुन्हा बुद्धिबळ." तिसरी, फेब्रुवारी १९९९: "घड्याळजीचा घोडा मारला."

चौथी कॅसेट, १५ ऑगस्ट १९९९: "शेवटचा दूरध्वनी इन्स्पेक्टरच्या मुलीचा असतो. आधी बुद्धिबळ म्हणत होती. सुझानने आपले पूर्वीचे भाषांतर दुरुस्त केले."

दुरुस्त केले. हा शब्द मीच लिहिला आहे, आणि त्याखाली रेघ मारली आहे.

व्हिव्हियन आणि चंद्रहास यांचे नोंदणी पद्धतीने लग्न त्याच वर्षी जुलैमध्ये झाले.

त्यापुढच्या साऱ्या नोंदी वाचल्या. आठ भाग, आठ वेळा मुलगी. सहाव्या भागाखाली मी लिहिले आहे: "मुलगी पडद्यावर का येत नाही? सुझान म्हणते, बापाने बोलावले तर येईल." नवव्याखाली: "मुलीचा धागा मुख्य कथेशी सुसंगत नाही. संवाद कमकुवत." ते मी तुला त्या वेळी मोठ्याने म्हणालो होतो. तू कॅसेट काढून तिच्या खोक्यात घातलीस आणि विचारलेस, "चहा ठेवू?"

तोल्वेला शंभराव्या पानावर कळते. मला कितव्या पानावर कळायला हवे होते?

प्लासिड


नंदाखाल,
रविवार, ८ फेब्रुवारी २००४

सुझान,

मागील एका पत्रात मी लिहिले की व्हिव्हियनने पत्र लिहिले आणि मी उत्तर दिले. ते विधान अपूर्ण आहे. पूर्ण विधान खालीलप्रमाणे.

तिचे पत्र १४ जून १९९९ चे होते. चार पाने. नाशिकच्या ज्या महाविद्यालयात ती शिकवते, तेथील चंद्रहास नावाच्या सहकाऱ्याशी लग्न करणार असल्याचे तिने कळवले होते. तो आपल्या धर्माचा नाही. लग्न चर्चमध्ये होणार नाही. "पप्पा, तुम्ही आलात नाही तर मी लग्न करेनच, पण माझं लग्न झालं असं मला वाटणार नाही," असे शेवटच्या पानावर होते.

मी पत्र दोनदा वाचले. मग लाल शाईची लेखणी घेतली. शुद्धलेखनाच्या आणि वाक्यरचनेच्या मिळून सतरा चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. वर उद्धृत केलेल्या वाक्यासमोर समासात "आशय अस्पष्ट" असा शेरा लिहिला. स्वतंत्र उत्तर लिहिले नाही. तिचीच पाने नव्या पाकिटात घालून बंद केली.

मी त्या दिवशी आवाज चढवला नाही, कोणास दूषण दिले नाही. संयमाने वागलो, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते.

आणि ते पाकीट मी तुझ्याजवळ दिले. तू विचारलेस, "पोरीला लिवलं काय?" मी होय म्हणालो. तुझा चेहरा मला आज स्पष्ट दिसतो. आगाशीच्या बाजारात जायचे होते, तरी तू आधी उलट दिशेला टपाल कचेरीपर्यंत चालत गेलीस. माझा आशीर्वाद आहे असे समजून तू ते स्वतःच्या हाताने पेटीत टाकलेस.

आत काय होते, हे तुला नंतर तिच्याकडूनच कळले असणार. तू मला एका शब्दाने विचारले नाहीस. दोन महिन्यांनी चौथी कॅसेट आली.

तुझ्या अंत्यविधीस ती आणि चंद्रहास दफनभूमीच्या फाटकापाशी उभे होते. लोक रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते. ती शेवटी आली. मी इतर सर्वांना म्हणालो तेच तिला म्हणालो, "आल्याबद्दल आभारी आहे." तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, मी व्हिव्हियन." जणू मी ओळखले नसेन. मी म्हणालो, "होय."

गेल्या तीन आठवड्यांत तिला चार पत्रे लिहिली. प्रत्येकाचा कच्चा मसुदा केला, दुरुस्त केला, आणि दुरुस्त केल्यावर त्यात मी उरलो नाही. पोस्टात एकही टाकलेले नाही. येथे दूरध्वनीशेजारच्या वहीत तुझ्या अक्षरात नाशिकचा क्रमांक आहे. आज तासभर वही समोर घेऊन बसलो. मग झाडांना पाणी घातले आणि विरारला परतलो. हे शेवटचे वाक्य मी घरी येऊन लिहीत आहे.

प्लासिड


नंदाखाल,
रविवार, २९ फेब्रुवारी २००४

सुझान,

सकाळपासून सामान आवरले. आपले म्हणण्यासारखे येथे थोडेच होते: तुझी छत्री, दोन कप, कॅसेटी. फ्लॉसीचे पार्सल याच आठवड्यात आले. त्यात बारावी कॅसेट होती. चिठ्ठीत तिने लिहिले आहे की सुझानसाठी भरून ठेवली होती, आता तुम्ही पाहा. दुपारी ती लावली. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आले की मी पडद्याकडे नव्हे, दूरध्वनीकडे पाहत आहे. उद्यापासून त्या जागी दुसरी माणसे येतील आणि तुझ्या अक्षरातली ती वही बहुधा केरात जाईल. मी उठलो आणि क्रमांक फिरवला.

जे बोलणे झाले ते आठवते तसे देत आहे. शब्दशः असल्याची हमी देत नाही.

"हॅलो?"

"मी प्लासिड तुस्कानो बोलतो."

"पप्पा, आडनाव सांगायची गरज नव्हती."

मी निवेदन लिहून आणले होते. ते वाचावयास सुरुवात केली. "दिनांक १४ जून १९९९ च्या तुझ्या पत्रास मी जे उत्तर दिले, त्यासंबंधी मला असे नमूद करावयाचे आहे की..."

"वाचून दाखवताय का?"

"होय."

"कागद खाली ठेवा."

मी ठेवला. "मी चुकलो," असे म्हणालो. कागदावर ते चौथ्या परिच्छेदात, कारणांनंतर येणार होते.

तिच्या मागून एका पुरुषाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"पप्पा."

"कुणाचे?"

"माझे, वेड्या! कुणाचे असणार!"

मग पुष्कळ वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मी दूरध्वनी ठेवला नाही. अखेर ती म्हणाली, "तिथूनच बोलताय ना? मम्मी दर रविवारी तिथूनच फोन करायची. तुम्ही झाडांना पाणी घालायला गेलात की लगेच. इन्स्पेक्टर आज काय म्हणाला ते सांगायची. मी विचारायची, आणि पप्पा काय म्हणाले?"

"काय सांगायची?"

"एकदा सांगितलं, संवाद कमकुवत आहे म्हणाले." ती हसली, आणि ते हसणे मध्येच तुटले. "मी किती वेळा म्हटलं, मम्मी, सरळ बोल ना त्यांच्याशी. तर म्हणायची, सरळ बोलले तर तपासून परत देतील."

सुझान, यावर माझ्याकडून काही निवेदन नाही.

"मी लगेच धावत येईन असं समजू नका, पप्पा," ती म्हणाली. "मला अजून राग येतो. मम्मीचा पण येतो."

"मी तसे विचारलेले नाही."

"तेच तर. विचारत नाही तुम्ही."

मी विचारले, "येशील का?"

"बघते." आणि थोड्या वेळाने, "चंद्रहासला पण आणीन. जमेल का तुम्हाला?"

"त्यास केळफूल सोलता येते का?"

"काय?"

"काही नाही. जमेल."

खोलीत माणसांचे आवाज चालूच होते. "मागे कोण बोलतंय?" तिने विचारले. मी सांगितले की तोल्वेची नवी कॅसेट आहे, तुझ्या आईने पाहिलेली नाही.

"काय चाललंय त्यात?"

"मला इटालियन येत नाही."

"ते माहितीये मला. काय चाललंय ते सांगा."

मी वायर ताणून पडद्यासमोर आलो. एक वयस्क बाई बंदरावर पेटी घेऊन बसली आहे, असे सांगितले. बोट निघण्याच्या बेतात आहे. तोल्वे येऊन तिच्याशेजारी बसला आहे.

"ती काय म्हणतेय?"

तीस वर्षांत मी साक्षीदाराच्या तोंडी एक अक्षर पदरचे घातले नव्हते. "ती म्हणते, तुम्ही फार उशिरा आलात."

"आणि तो?"

"तो म्हणतो, होय."

"एवढंच?"

"अजून बोलतो आहे. थांब." त्याचे ओठ हलत होते, हातात संत्रे नव्हते. "तो म्हणतो, त्याला आधीच कळले होते. पण तो उगाच बाजारात हिंडत राहिला."

"खरंच असं म्हणतोय?"

"मला माहीत नाही, व्हिव्हियन."

"बरं," ती म्हणाली. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असावी. "पुढे सांगा."

मी सांगत गेलो. डॉक्टर आला तेव्हा त्याला नंदाखालच्या बोलीत बोलायला लावण्याचा प्रयत्न केला, मला ते नीट जमत नाही, आणि ती म्हणाली, "मम्मीचा डॉक्टर जास्त भांडकुदळ होता." मी त्यास अधिक भांडकुदळ केले. एका जागी जाहिरात लागली, तीही तिने सोडू दिली नाही. कोणी कोणास का मारले, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. मी एक खुनी ठरवला, तिने दुसरा सुचवला. तिचा अधिक योग्य होता, म्हणून तो ठेवला. कॅसेट संपेपर्यंत एक तास चाळीस मिनिटे आम्ही बोललो. त्यानंतर ती म्हणाली, "आता ठेवते, पप्पा," आणि तिने ठेवला.

यापुढचे विरारला येऊन लिहीत आहे. सर्व खिडक्या लावल्या. विजेची मुख्य कळ बंद केली. सायंकाळी सहा वाजता दार कुलूपबंद केले आणि तिन्ही किल्ल्या अँथनीच्या हाती परत दिल्या.

प्लासिड